बिरसा मुंडा : जमिनीचा हक्क आणि दगडांची साक्ष

बिरसा मुंडा हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेले असेल. दरवर्षी १५ नोव्हेंबरला त्यांची जयंती होते. २०२१ पासून केंद्र सरकारने हा दिवस जनजातीय गौरव दिवस म्हणून जाहीर केला आहे. गावोगावी त्यांचे पुतळे उभे आहेत. पण हा माणूस कशासाठी लढला असे विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : तो इंग्रजांशी लढला. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. बिरसा मुंडा लढले ते बापजाद्यांच्या जमिनीसाठी आणि जंगलासाठी. ती जमीन लुबाडणारे हात नुसते गोरे नव्हते. त्यांत आपल्याच देशातले जमीनदार, ठेकेदार आणि सावकार होते. हे ध्यानात घेतल्याशिवाय बिरसांचे चरित्र कळत नाही. म्हणून आधी जमिनीची गोष्ट समजून घेऊ आणि मग माणसाची.

आजच्या झारखंड राज्यात छोटा नागपूर नावाचे पठार आहे. डोंगर, साल वृक्षांचे दाट जंगल आणि मधूनमधून भातशेती असा तो मुलूख. तेथे मुंडा, उरांव, हो, खडिया असे आदिवासी समाज राहतात. मुंडांच्या पूर्वजांनी जंगल तोडून, दगड वेचून, बांध घालून तेथे शेते तयार केली. ज्या कुळाने पहिल्यांदा जंगल साफ करून गाव वसविले, ते गाव त्या कुळाचे. या हक्काला खुंटकट्टी म्हणतात. ही जमीन कोणा एकाच्या मालकीची नसे. ती साऱ्या कुळाची. गावाचा प्रमुख तो मुंडा आणि अनेक गावांचा मिळून प्रमुख तो मानकी. भोवतालचे जंगलही गावाचेच. घरासाठी लाकूड, चुलीसाठी सरपण, गुरांना चारा, पोटाला मोहाची फुले आणि कंदमुळे हे सारे जंगलातून येई, आणि त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नसे.

आता पुराव्याचा प्रश्न घ्या. आपली जमीन आपली आहे हे आपण कशाने सिद्ध करतो? सातबाऱ्याने. मुंडांकडे सातबारा नव्हता. त्यांच्याकडे दगड होते. प्रत्येक कुळ आपल्या मृतांच्या अस्थी गावाजवळ पुरून त्यावर मोठमोठ्या सपाट शिळा ठेवी. या शिळांना सासनदिरी म्हणतात. ज्या गावात आमच्या कुळाचे सासन आहे ते गाव आमचे, हा मुंडांचा दाखला. शिवाय मूळ जंगलाचा एक तुकडा न तोडता राखलेला असे. त्याला सरना म्हणतात. तोही गाव कोणी वसविले याची साक्ष देई.

पण कचेरीत दगडांची साक्ष कोण घेणार? छोटा नागपूरच्या राजाने आपल्या मर्जीतल्या लोकांना गावेच्या गावे जहागीर म्हणून दिली. बाहेरून जहागीरदार आले, ठेकेदार आले, व्यापारी आणि सावकार आले. मुंडा लोक या सर्वांना दिकू म्हणत. पुढे कंपनी सरकारचा अंमल बसला. जमीनदाराचा कागद हाच पुरावा ठरला आणि ज्याने जंगल तोडून शेत केले तोच आपल्या शेतात खंड देणारे कूळ बनला. खंड वाढत गेला. त्यावर आणखी वेठबिगार. जमीनदाराचे शेत फुकट नांगरायचे, त्याचे ओझे फुकट वाहायचे. वाचकहो, वेठ या शब्दाचा अर्थ तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. महार वतनाच्या नावाखाली आपल्या आजा-पणजांनी ती पिढ्यान्‌पिढ्या केली, आणि त्याच वतनाच्या जोखडातून समाजाला सोडविण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. छोटा नागपूरच्या वेठीची जात निराळी असेल, पण माणसाला वाकविण्याची रीत तीच होती.

मुंडांनी हे मुकाट्याने सोसले असे नाही. १८३१-३२ मध्ये मोठा उठाव झाला. तो कोल उठाव म्हणून इतिहासात नोंदलेला आहे. नंतर १८५८ च्या सुमारास सरदारी लढाई सुरू झाली. नाव लढाई, पण शस्त्र मुख्यतः अर्जाचे. मुंडा सरदारांनी वर्गणी गोळा केली, वकील धरले, कमिशनरकडे अर्ज केले, कलकत्त्याला अर्ज केले, थेट विलायतेपर्यंत अर्ज पाठविले. १८६९ च्या कायद्याने भुईंहारी नावाच्या काही जुन्या जमिनींची नोंद झाली. पण खुंटकट्टी गावांचा मोठा भाग तसाच उघडा राहिला. तीस-पस्तीस वर्षे अर्ज चालू होते आणि तीस-पस्तीस वर्षे जमीन हातातून जात होती.

अशा काळात, १५ नोव्हेंबर १८७५ रोजी, बिरसांचा जन्म झाला. उलिहातू हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. ते आज खुंटी जिल्ह्यात आहे. वडिलांचे नाव सुगना, आईचे करमी. घरची गरिबी इतकी की पोट भरण्यासाठी आई-वडिलांना गावे बदलावी लागली. बिरसांचे बालपण चलकद गावी आणि मामाच्या घरी गेले. ते मेंढ्या राखीत आणि बासरी वाजवीत. पुढे साल्गा येथे जयपाल नाग यांच्या शाळेत त्यांना अक्षरओळख झाली. मुलगा हुशार आहे हे पाहून त्यांना जर्मन मिशनच्या शाळेत घालण्यात आले आणि तेथून ते चाईबासाच्या शाळेत गेले. १८८६ ते १८९० ही चार वर्षे ते चाईबासाला शिकले.

येथे धर्मांतराचा प्रश्न येतो आणि तो आपल्यासारख्यांनी नीट समजून घेण्याजोगा आहे. जर्मन मिशनरी १८४५ मध्ये रांचीला आले. पुढील काळात हजारो मुंडा आणि उरांव ख्रिस्ती झाले. का झाले? मिशनरी शाळा काढीत, दुखण्यात औषध देत, हे एक कारण. पण त्याहून मोठे कारण जमिनीचे होते. साहेबांचा धर्म घेतला तर साहेबांच्या कचेरीत आपली बाजू ऐकली जाईल, पाद्री आपल्या वतीने बोलेल, अशी लोकांना आशा होती. काही पाद्री बोललेही. पण सरदारांनी सर्व जमीन परत मागितली तेव्हा मिशनचे आणि त्यांचे बिनसले. सुगना मुंडांचे घराणे ख्रिस्ती झाले होते. बिरसांचे मिशनमधले नाव दाऊद असे होते. सरदारांचा आणि मिशनचा झगडा वाढला तेव्हा बिरसांनी शाळा सोडली आणि घराने मिशनही सोडले.

त्यानंतर बिरसा बंदगाव येथे आनंद पांडे नावाच्या वैष्णव गृहस्थांच्या सहवासात राहिले. त्यांनी मांसाहार सोडला, जानवेही घातले. पण तेथेही त्यांचे मन फार काळ रमले नाही. त्यांच्या लोकांचा जो मुख्य प्रश्न, जमिनीचा आणि माणूस म्हणून जगण्याचा, त्याचे उत्तर मिशनकडे नव्हते आणि जानव्याकडेही नव्हते.

इकडे जंगलाचा फास आवळत होता. इंग्रज सरकारला रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड हवे होते. सालाचे लाकूड त्यासाठी उत्तम. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगले ठरविण्याचा अधिकार सरकारने घेतला. १८९० नंतर छोटा नागपूरच्या पडीत आणि जंगल जमिनींवर हा कायदा जोराने लागू झाला. काल जे गावाचे होते ते आज सरकारचे झाले. गुरे चारली तर दंड, लाकूड तोडले तर खटला. विकासाच्या नावाने जंगल घ्यावे आणि जंगलात राहणाऱ्यालाच चोर ठरवावे, ही रीत तेव्हापासूनची आहे. जंगलाचे जुने हक्क परत मागण्यासाठी अर्ज घेऊन चाईबासाला गेलेल्या रयतेत तरुण बिरसाही होते. अर्जाचा काही उपयोग झाला नाही.

१८९५ मध्ये बिरसांनी नवा मार्ग सांगायला सुरुवात केली. तेव्हा त्यांचे वय जेमतेम वीस. एकच देव माना, असंख्य बोंगांना म्हणजे भुताखेतांना कोंबड्या-बकऱ्यांचे बळी देणे थांबवा, दारू सोडा, स्वच्छ राहा, चेटूक आणि भगत-ओझा यांच्या नादी लागू नका, असा त्यांचा उपदेश होता. बळीचा खर्च आणि दारूचा खर्च हीच सावकाराच्या दारात जाण्याची वाट आहे, हे त्यांनी ओळखले होते. साथीच्या रोगात ते रोग्यांजवळ जाऊन सेवा करीत. दूरदूरहून लोक चलकदला लोटू लागले. लोक त्यांना धरती आबा म्हणजे धरतीचा पिता म्हणू लागले. काहींनी तर भगवान म्हटले.

मित्रहो, येथे थोडे थांबून विचार करू. भुताखेतांची भीती घालविणारा हा माणूस, पण लोकांनी त्यालाच चमत्कार करणारा ठरविले. त्याच्या स्पर्शाने रोग जातो, जगाचा प्रलय जवळ आला आहे आणि चलकदला जे येतील तेच वाचतील, असे लोक मानू लागले. बिरसांनीही स्वतःला देवाचा दूत म्हटले. शेते टाकून लोक चलकदला बसले. आपण हे सांगताना लपवू नये. एका बाजूला अंधश्रद्धेवर घाव आणि दुसऱ्या बाजूला नवी अंधश्रद्धा, असे दोन्ही त्या चळवळीत होते. त्याचे मोल पुढे लोकांना रक्ताने द्यावे लागले.

जमाव वाढला तसे सरकार आणि जमीनदार दोघेही घाबरले. ऑगस्ट १८९५ मध्ये पोलिसांनी बिरसांना रात्री चलकदला पकडले. दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. ते हजारीबागच्या तुरुंगात होते तेव्हा बाहेर दुष्काळ पडला होता. नोव्हेंबर १८९७ मध्ये त्यांची सुटका झाली. तुरुंगातून आलेला माणूस अधिक कठोर झाला होता. रात्रीच्या सभा सुरू झाल्या. डोंबारी डोंगरावर माणसे जमू लागली. आता उपदेशाचा रोख स्पष्ट होता : ही जमीन आमची आहे, खंड देऊ नका, राणीचे राज्य संपले, आपले राज्य सुरू झाले. या उठावाला मुंडारी भाषेत उलगुलान म्हणतात. उलगुलान म्हणजे सारे ढवळून काढणारा मोठा उठाव.

२४ डिसेंबर १८९९ रोजी, नाताळच्या आदल्या रात्री, उलगुलान पेटले. रांची आणि सिंगभूम भागात मिशनच्या वस्त्यांवर आणि चर्चवर बाण सुटले. त्यांत ख्रिस्ती झालेले मुंडाही सापडले. आपल्याच भावांवर बाण चालले ही गोष्ट दुःखाची आहे आणि ती तशीच सांगितली पाहिजे. जानेवारी १९०० च्या पहिल्या आठवड्यात बिरसांचे सहकारी गया मुंडा यांना पकडायला पोलीस एटकेडीह गावी गेले. तेथे झुंज झाली. गया मुंडा मारले गेले. त्यांची पत्नी माकी आणि घरातल्या बायका कुऱ्हाडी-काठ्या घेऊन लढल्या. ७ जानेवारीला खुंटीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला झाला.

मग फौज आली. ९ जानेवारी १९०० रोजी सैल रकब डोंगरावर जमलेल्या मुंडांना फौजेने घेरले. एका बाजूला बंदुका आणि दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण, गोफणी आणि दगड. बंदुकीच्या गोळ्यांचे पाणी होईल असा अनेकांचा विश्वास होता. गोळ्यांचे पाणी झाले नाही. पुरुषांबरोबर बायका आणि मुलेही पडली. सरकारी कागदांत मृतांचा आकडा लहान आहे. लोकांच्या आठवणीत तो शेकड्यांचा आहे. डोंगरावरच्या त्या माणसांचे धैर्य कमी नव्हते, त्यांची मागणीही खोटी नव्हती. पण चमत्काराच्या भरवशावर माणसे बंदुकीपुढे उभी राहिली, तर न्याय्य मागणीही त्यांना वाचवू शकत नाही.

बिरसा तेथून निसटले. त्यांच्यावर पाचशे रुपयांचे इनाम लागले. गरिबीने गांजलेल्या मुलखात ही रक्कम लहान नव्हती. ३ फेब्रुवारी १९०० रोजी चक्रधरपूरच्या बाजूच्या जंगलात ते पकडले गेले. त्यांना रांचीच्या तुरुंगात ठेवले. खटला संपण्यापूर्वीच, ९ जून १९०० रोजी, तुरुंगात त्यांचा अंत झाला. सरकारने कारण पटकीचे सांगितले. अनेकांना ते आजही पटत नाही. रांचीत कोकर येथे त्यांचा अंत्यविधी घाईने उरकण्यात आला. तेथे आज त्यांची समाधी आहे आणि त्या जुन्या तुरुंगात २०२१ पासून त्यांचे संग्रहालय आहे. वयाची पंचवीस वर्षेही पुरी झाली नव्हती. शेकडो अनुयायांवर खटले चालले. काहींना फाशी झाली, काहींना काळे पाणी, आणि काही तर निकालाची वाट पाहत तुरुंगातच मेले.

येथे चरित्र संपते असे वाटेल. पण बिरसांचे खरे काम त्यांच्या मृत्यूनंतर दिसले. एवढे रक्त सांडल्यावर सरकारला कळून चुकले की जमिनीचा प्रश्न सोडविल्याशिवाय हा मुलूख शांत होणार नाही. १९०२ पासून गावोगावी मोजणी आणि हक्कनोंदणी सुरू झाली. १९०३ च्या दुरुस्तीने खुंटकट्टी हक्काला कायद्यात जागा मिळाली. आणि १९०८ मध्ये छोटा नागपूर कुळ कायदा झाला. त्याच्या मसुद्याच्या कामात मुंडांची भाषा आणि रीतिरिवाज जाणणारे पाद्री हॉफमन यांचा मोठा हात होता. या कायद्याने वेठबिगारीला लगाम घातला आणि आदिवासींची जमीन बाहेरच्यांकडे जाण्यास बंदी घातली. त्याचे कलम ४६ सांगते की आदिवासीची जमीन त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या आदिवासीलाच, आणि तीही उपायुक्तांच्या परवानगीने देता येते. पुढे अनुसूचित जाती आणि मागासवर्गीयांच्या जमिनींनाही याच कलमात संरक्षण मिळाले. हक्कनोंदीच्या कागदाला तिकडे खतियान म्हणतात. त्याच्या दुसऱ्या भागात गावाचे जंगलावरचे हक्क लिहिलेले असतात. म्हणजे जे हक्क सासनदिरीचे दगड सांगत होते आणि कचेरी ऐकत नव्हती, त्यांना शेवटी कागदावर जागा मिळाली.

मग प्रश्न सुटला का? नाही. स्वातंत्र्यानंतर कारखाने, खाणी आणि धरणे यांसाठी याच पठारावर जमीन घेतली गेली. १९७३ मध्ये कोयल आणि कारो या नद्यांवर ७१० मेगावॅटचा वीजप्रकल्प ठरला. बिरसांच्याच मुलखातली शंभरावर गावे त्यात बुडणार होती. शेते बुडणार, सरना बुडणार आणि सासनदिरीही बुडणार. शेताचा मोबदला देता येतो. पूर्वजांच्या अस्थींवरील दगडांचा मोबदला कोण ठरविणार, असा सवाल गावांनी केला. कोयल-कारो जनसंघटनेखाली मुंडा, उरांव आणि इतर गावकरी एक झाले. त्यांनी धनुष्य उचलले नाही. गावाच्या वाटेवर आडवे लाकूड टाकून पहारा बसविला, परवानगीवाचून प्रकल्पाचे सामान आत येऊ दिले नाही, न्यायालयाची दारे ठोठावली. १९९५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते व्हायची पायाभरणी रद्द झाली. झारखंड राज्य १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसांच्या जयंतीदिवशीच जन्माला आले. आणि त्याच राज्यात तीन महिन्यांच्या आत, २ फेब्रुवारी २००१ रोजी, तपकारा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. आठ माणसे गेली. तरी लोक हटले नाहीत आणि अखेर प्रकल्प गुंडाळावा लागला.

पुढे २०१६ मध्ये राज्य सरकारने १९०८ च्या कायद्यातच बदल करण्याचा घाट घातला. शेतजमीन बिगरशेती कामासाठी वापरणे सोपे करावे, असा त्याचा रोख होता. खेड्यापाड्यांतून विरोध उठला. २०१७ मध्ये तेव्हाच्या राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी विधेयक परत पाठविले आणि सरकारने ते मागे घेतले. ही लढाई जिंकता आली, कारण खेड्यातल्या माणसाला आपला कायदा माहीत होता.

वाचक बंधू-भगिनींनो, बिरसांच्या चरित्रातून आपण काय घ्यायचे? मला वाटते, त्यांना देव करून भिंतीवर टांगणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत निरुपयोगी गोष्ट आहे. जयंती जरूर करा. पण देव केलेल्या माणसाचे काम आपल्याला करावे लागत नाही, ते देवावर सोपवून मोकळे होता येते. बिरसा माणूस होते. थोडे शिकलेले, फार गरीब, कधी चुकलेले आणि अखेरपर्यंत न वाकलेले. दारू आणि बळी यांतून माणसे सोडविल्याशिवाय जमीन सुटणार नाही, हे त्यांना विसाव्या वर्षी कळले होते. ही त्यांची शिकवण घ्या. चमत्काराची आशा मात्र सैल रकबच्या डोंगरावरच राहू द्या.

आणि दुसरी गोष्ट. जमिनीचा हक्क लोकांच्या लढ्याने मिळतो, पण तो टिकतो तो वाचता येणाऱ्या माणसांमुळे. आपल्या महाराष्ट्रातही आदिवासींच्या हातून गेलेली जमीन परत देण्याचा कायदा १९७४ चा आहे. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये त्याखाली आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळविला. हे कायदे पुस्तकात आहेत. ते गावात आणायचे काम गावाने करायचे आहे.

तेव्हा या जयंतीला एवढे करा. घरात जो मुलगा किंवा मुलगी शाळेत जाते, तिला सातबारा आणि आठ-अ समोर ठेवून वाचायला लावा. कोणाचे नाव आहे, कोणते क्षेत्र आहे, इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिले आहे, ते तिच्याकडून समजून घ्या. ज्यांच्या नावावर एक गुंठाही नाही, त्यांनी गावच्या गायरानाची नोंद पाहावी आणि ग्रामसभेत हजर राहावे. शेजारच्या आदिवासी पाड्यावर जमीन मागायला कोणी आला, तर त्याने आणलेला कागद आपल्या शिकलेल्या मुलांनी पाड्यावर जाऊन मोठ्याने वाचून दाखवावा, आणि सही किंवा अंगठा त्यानंतरच व्हावा.